ईसीएचएस : फोन केला, पण पोच घेतली नाही

दादा, वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं, जवळचं हॉस्पिटल गाठलं, ते ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॅनेलवर (मान्यता दिलेल्या हॉस्पिटलांच्या यादीत) नाही, आता बिलाचं काय, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. २०१९ साली आमच्याकडं हेच झालं. आमचे हे हवालदार म्हणून निवृत्त, आणि गावापासून पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा दवाखाना, ४५ किलोमीटर.

कार्ड, रेफरल (पॉलिक्लिनिकनं हॉस्पिटलासाठी दिलेली चिठ्ठी) वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडते. जिवावर बेतलं तर रेफरलशिवाय पॅनेलबाहेर नेलेलं चालतं, फक्त ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं. मी कळवलं. पण फोनवर! शनिवारी रात्री दाखल केलं, रविवारी कुणी उचलला नाही, सोमवारी सकाळी लागला. आयसीयूच्या दारात उभी होते, आत ह्यांना काय करतायत ते कळत नव्हतं. पलीकडून आवाज आला, "हो ताई, नोंद करतो, काळजी करू नका." मी खरंच केली नाही.

दोन महिन्यांनी क्लेमची फाईल घेऊन गेले तर रजिस्टरात ओळच नाही. "फोन आला असेल हो, पण नोंद नाही." त्या एका ओळीपायी आठ महिने हेलपाटे. हे टेबल म्हणे त्या टेबलावर जा, ते टेबल म्हणे साहेब रजेवर. मी मोबाईलचे कॉल डिटेल काढून नेले. त्यावर बाबू म्हणतो, "फोन केलात हे दिसतं. काय बोललात ते कुठं दिसतं?" खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. शेवटी उशिराचं कारण लिहून अर्ज वर पाठवला, तेव्हा पैसे आले. तेही सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, ठरलेल्या दरानं, बिलाच्या निम्म्याहून थोडे जास्त. पूर्ण बिल मिळेल असं धरून कर्ज काढू नका.

म्हणून आजच लेखी अर्ज द्या : नाव, सर्व्हिस नंबर, कार्ड नंबर, दाखल केल्याची तारीख-वेळ. दोन प्रती, एकीवर शिक्का मारून पोच. तुम्हाला हलता येत नसेल तर चुलतभावाला मोटारसायकलवर पिटाळा. ४८ तास उलटले असतील तरी द्या, कारण खरं लिहा, मागची तारीख टाकू नका.

माझं मत विचाराल तर डॉक्टर हो म्हणाले की पॅनेलवरच्या हॉस्पिटलात हलवा, तिथं बिलाचा व्यवहार ते परस्पर करतात. वडील कोणत्या हुद्द्यावर होते ते लिहिलं नाहीत. हवालदारापर्यंत जनरल वॉर्डच बसतो, उगाच खाजगी खोली घेऊ नका. अर्थात मी काही कार्यालयातली नाही आणि नियम बदलत असतात, तिथं एकदा विचारून घ्याच.

जाता जाता, आईचं नाव पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) आणि आधारवर एकच आहे का तेही बघून ठेवा. आमच्या जावेचं एकीकडं सुनंदा, दुसरीकडं सुनीता, तिची वेगळीच वरात निघाली होती.

आणि स्टेंट बसवला असेल तर त्याचा स्टिकर आणि वरचं पाकीट मागून घ्या, क्लेमला लागतं. आमचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात गेलं होतं, सफाईवाल्या मावशींनी हात घालून काढून दिलं.