दप्तराबाहेरचे प्रश्न

(पुराभिलेखांच्या कामातून निवृत्त झालेल्या स्तंभलेखकाची वाचकांना उत्तरे)

प्रश्न : ऐतिहासिक मालिकांमध्ये जासूद घोड्यावरून उतरतो आणि गोंडे लावलेली गुंडाळी उलगडून खणखणीत देवनागरीतले पत्र वाचतो. पत्रे खरोखर अशी असत का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आमच्या घरी हा प्रसंग सुरू झाला की सौभाग्यवती आवाज वाढवतात, कारण मी बोलू लागणार हे त्यांना ठाऊक असते. पत्र मोडीत असे, बालबोधीत (म्हणजे देवनागरीत) नव्हे. बालबोध लिपी मुख्यतः पोथ्यांसाठी होती. मजकूर लांबला की कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवत आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून सांध्यावर मागच्या बाजूने शिक्का उमटवत. राजपत्राच्या शिरोभागी मुख्य शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, अर्थात समाप्तीची मुद्रा, म्हणजे त्यापुढे कोणी एक ओळही घुसडू शकत नसे. शिवछत्रपतींच्या पत्रांवरील ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब याच कामाची. टीपकागद नसल्याने ओल्या शाईवर बारीक वाळू टाकीत. रुमाल, म्हणजे दप्तर बांधलेले कापड, सोडून पत्र उलगडताना तिचे चार कण तळहातावर पडतात, तेव्हा अडीचशे वर्षांत आपल्याआधी हे पत्र फारसे कोणी उघडलेले नाही, एवढे कळते. पडद्यावरचे पत्र प्रेक्षकांना वाचता यावे म्हणून देवनागरीत ठेवले तर माझी तक्रार नाही. पण ते संगणकावरच्या टंकात छापून कडा मेणबत्तीवर जाळण्याची काय गरज आहे? कागद जुना झाला की जळत नाही, त्याला कसर लागते.

प्रश्न : वाडा उतरवताना माळ्यावर मोडी कागदांचे एक गाठोडे सापडले. मुलगा म्हणतो, मोबाइलने फोटो काढू आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वाचून घेऊ. ते विश्वासार्ह आहे का? – एक वाचक, वाई

उत्तर : फोटो अवश्य काढा, मात्र त्याआधी दोन कामे करा. गाठोडे ज्या क्रमाने बांधलेले आहे तो क्रम मोडू नका, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने अनुक्रमांक घाला. कोणता कागद कोणाशेजारी होता, ही माहिती कागदावर लिहिलेली नसते आणि एकदा विस्कटली की परत मिळत नाही. खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, चारही कडा दिसतील असा फोटो घ्या आणि कागदाची मागची बाजूही टिपायला विसरू नका.

यंत्राविषयी माझ्या मनात अढी नाही. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला, त्या दिवशी मी घरात पेढे वाटले होते. परंतु मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर शिरोरेघ आखून घेई आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जाई, त्यामुळे शब्द कुठे सुटतो हे अर्थावरूनच ओळखावे लागते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नसतो आणि नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपे वापरलेली असतात. तारखेचेच पाहा. ‘छ ७’ यातील ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात मुसलमानी महिन्याचा सातवा चंद्र, म्हणजे सातवी तारीख. आणि ‘सितैन मया व अलफ’ हे कोणा माणसाचे नाव नसून अरबी शब्दांत (साठ, शंभर आणि हजार) लिहिलेला, जुन्या दप्तरांतला शुहूर सन ११६० आहे. हा सन मृगाला बदलतो, म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरसाठी त्यात ५९९ आणि जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवावे लागतात. येथे ते १७५९-६० येते. यंत्र अडखळले की तसे कबूल करीलच असे नाही. जिथे वाचता येत नाही तिथे ते आत्मविश्वासाने काहीतरी रचून देते, आणि असे वाचन जमिनीच्या वादात पुढे केलेत तर पंचाईत होईल. यंत्राने केलेले लिप्यंतर कच्चा खर्डा समजा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. त्याहून बरे म्हणजे मुलालाच मोडी शिकू द्या. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे प्रशिक्षण वर्ग होत आले आहेत, आणि नेटाने सराव केला तर काही महिन्यांत साधे पत्र वाचता येऊ लागते.

प्रश्न : वडिलांचे कीर्तन दूरदर्शनवर झाले होते. त्याची घरी घेतलेली व्हीएचएस कॅसेट आहे. जुना व्हीसीआर मिळाला आहे, लावून पाहू का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कृपया लावू नका. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्या सुरुवातीच्या काळात टेप इतकी महाग होती की प्रसारणानंतर ती पुसून पुन्हा वापरली जाई. तेव्हाचे कितीतरी कार्यक्रम आता फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत उरले आहेत. म्हणून तुमच्या हातातली प्रत एकुलती एक आहे असे धरून चला. कोकणातल्या हवेत फितीवर बुरशी हटकून येते. कॅसेटच्या खिडकीतून पांढुरके ठिपके दिसत असतील, तर ती फिरवताच फीत चिकटून तुटेल आणि बुरशी यंत्राच्या डोक्यालाही लागेल. आधी फीत साफ करून देणारा माणूस शोधा, मग डिजिटल प्रत करून घ्या आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात टाकणे म्हणजे जतन करणे नव्हे, कारण तिथून पुढे जाताना चित्रफीत दाबून लहान केली जाते. फाइलला वडिलांचे नाव, गाव आणि आख्यानाचा विषय द्या. ‘नवीन व्हिडिओ १’ नको.

प्रश्न : आजोबांची सनद लॅमिनेट करावी का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. एकदा वितळून बसलेले प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही. सुती कापडात सैल बांधून लोखंडी कपाटात ठेवा, भिंतीला चिकटवून नको.

प्रश्न : आणि हल्लीच्या पावत्या? – तेच वाचक

उत्तर : दुकानातील यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती उष्णतेने उमटते, तिच्यावर शाई नसते. बोरूच्या शाईत काजळी असल्याने पेशवाईतला हिशेब अजून ठळक दिसतो, पण माझ्या शीतकपाटाची पावती वॉरंटी संपण्याआधीच कोरी झाली. दागिन्यांची पावती असेल तर आजच तिची झेरॉक्स काढा.