आईला बायपोलर आहे. मलाही होईल का, हे रक्त किंवा जीन तपासून कळतं का?

नाही कळत. रक्तातून नाही, जीनमधून नाही, मेंदूच्या स्कॅनमधूनही नाही. इतकं ठासून सांगतोय, कारण अशाच एका जीन रिपोर्टवरून माझं दादाशी वाजलंय.

आमच्या बाबांना बायपोलर, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी खोल उदासी असा मनाचा आजार. दादाने थुंकीचा नमुना पाठवून जीन टेस्ट केली. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित जीनपुढे हिरवा ठिपका आला, तर पठ्ठ्याने प्रिंट काढून आईच्या हातात ठेवली. "बघ, मी बाबांवर गेलेलो नाही." वर मला म्हणे, "तू करून घे, तुझ्यातच उतरलं असणार." पुढे झोप उडाली ती त्याचीच. मध्यरात्री घरभर दिवे, कपाटं उपसलेली, नव्या धंद्यांचे बेत, आणि बोलणं असं सुसाट की मध्ये कुणाला तोंड उघडता येईना. आई म्हणाली, बाबांचंही असंच सुरू व्हायचं. यावर दादाचं उत्तर काय, तर "रिपोर्ट क्लीन आहे"!

त्या जीनचा डिप्रेशनशी संबंध दाखवणारा पेपर २००३ साली गाजला होता. २०१९ मध्ये प्रचंड डेटावर पडताळलं, तेव्हा असे गाजलेले सुटे जीन कुठलेच टिकले नाहीत. बायपोलरशी जोडलेल्या जीनसंचातल्या जागा २०२१ च्या एका अभ्यासातच ६४ निघाल्या, आणि एकेकीचा वाटा नगण्य. रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांत कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन, झोपेतली स्वप्नांची आरईएम अवस्था अशा खुणाही शोधतात. गटाच्या सरासरीत फरक दिसतो, पण त्यावरून एकट्या माणसाचं भविष्य सांगणं म्हणजे कुडमुड्या ज्योतिष.

घरातला इतिहास हीच त्यातल्या त्यात खरी खूण. डिप्रेशनसाठी डॉक्टरकडे गेलात तरी आईचं आधी सांगा. नुसत्या अँटिडिप्रेसंटने अशा घरातल्या माणसाला कधीकधी मेनिया, म्हणजे तो टोकाचा उत्साह, उसळतो. आमचा दादा तिथेही "फॅमिली हिस्टरी नाही" असं लिहून आला होता.

हां, घाबरू नका. एका पालकाला बायपोलर असेल तर मुलांपैकी साधारण शंभरात पाच ते दहा जणांना होतो, बाकीच्यांना नाही. डिप्रेशनचा धोका मात्र थोडा जास्तच. मी डॉक्टर नाही, हेही लक्षात घ्या.

आणखी एक. लिथियम या बायपोलरवरच्या औषधाचा गुण येणं पुष्कळदा घराण्यात चालतं. बाबांना ते लागू पडलं होतं. दादाच्या डॉक्टरांना हे आईने सांगितलं. त्याच्या त्या गुळगुळीत रिपोर्टात यातलं अक्षरही नव्हतं.