थीम बदलण्याआधी एक पान नीट कर

प्रिय मित्रा,

तुझ्या बॅगांच्या ऑनलाइन दुकानाची लिंक मिळाली. "ताई, थीम बदलू का? कोणता रंग चांगला दिसेल?" असं तू विचारलं आहेस. बॅगा फार सुरेख आहेत. शिलाई तर इतकी नेटकी आहे की फोटो मोठा करून मी पुन्हा पुन्हा बघितली. म्हणूनच स्पष्ट लिहिते: थीमला, म्हणजे दुकानाच्या तयार रूपाला, सध्या हात लावू नकोस. नव्या थीममध्येही हीच अडचण जशीच्या तशी राहील, कारण तुझ्या दुकानात रंग चुकलेला नाही, क्रम चुकला आहे.

मी दुकान मोबाइलवर उघडलं, बहुतेक गिऱ्हाइकं तसंच उघडणार म्हणून. खांद्यावरच्या मोठ्या बॅगेचं पान घेतलं. सगळ्यात वर सवलतीची पट्टी, तिच्याखाली लोगो, तेवढ्यात ईमेल मागणारं पॉप-अप. ते बंद केलं तर प्रत्येक पानावर येणारा तोच फिरत्या चित्रांचा बॅनर. त्याच्याखाली बॅग जेमतेम डोकावते. नाव, किंमत आणि बटण दिसायला बराच वेळ अंगठा सरकवत राहावं लागतं, आणि मापं तर शेवटच्या परिच्छेदाच्या पोटात दडली आहेत. तुझी सगळ्यात चांगली वस्तू तुझ्याच पानावर सगळ्यात मागे उभी आहे.

येणाऱ्या माणसाच्या मनात प्रश्न एका ठरावीक ओळीने येतात. हे काय आहे? केवढं आहे? कितीला आहे? माझ्यापर्यंत कधी पोचेल? नाही पसंत पडलं तर परत घेतील का? मांडणी म्हणजे या प्रश्नांना त्याच ओळीने उत्तरं देणं. सजावट त्यानंतर. पहिल्या स्क्रीनवर फोटो, नाव आणि किंमत आलीच पाहिजे, आणि जमल्यास विकत घेण्याचं बटणही. डिलिव्हरी आणि परतीचं एकेक वाक्य बटणाच्या लगेच खाली असू दे. "आमची गोष्ट" त्याच्याही खाली. ती वाचायला लोकांना आवडते, पण वस्तू मनात भरल्यावर.

सुरुवात होम पेजपासून करायचा मोह होईल, तो टाळ. शोधातून किंवा कुणी पाठवलेल्या लिंकवरून येणारा माणूस थेट वस्तूच्या पानावर उतरतो. त्याच्यासाठी तेच तुझं दुकान. होम पेज त्याने बघितलेलंही नसतं.

आता फोटो. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण निम्मं डिझाइन तिथेच होतं. तुझी एक बॅग उभ्या फोटोत आहे, दुसरी आडव्या. एक चादरीवर ठेवलेली, एक काळ्या कागदावर. अशा फोटोंची जाळी कुठल्याही थीममध्ये विस्कटलेलीच दिसणार. एक प्रमाण ठरव, चौकोनी किंवा ४:५, आणि सगळे फोटो त्यातच काढ. खिडकीचा उजेड घे, पण थेट ऊन नको. खोलीतला दिवा बंद कर; दिव्याचा पिवळा आणि दिवसाचा निळसर उजेड एकत्र आला की तपकिरी बॅग एका बाजूने नारिंगी दिसते, आणि मग "फोटोत वेगळी होती" म्हणून ती परत येते. पार्श्वभूमी एकच, फिकट आणि साधी. फोन स्टँडवर ठेव आणि स्टँडची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेव, म्हणजे पुढच्या महिन्यात काढलेली बॅगही तेवढ्याच अंतरावरून निघेल.

प्रत्येक बॅगेचे फोटोही ठरलेल्या क्रमाने लाव: आधी समोरून पूर्ण बॅग, मग कुणाच्या तरी खांद्यावर, मग उघडून आतला कप्पा, मग चेन आणि शिलाई अगदी जवळून, शेवटी मागची बाजू. खांद्यावरचा फोटो दुसराच हवा. "केवढी आहे" हे सेंटिमीटर वाचून पटकन कळत नाही, माणसाच्या शरीराशेजारी ताबडतोब कळतं. आतल्या कप्प्यात एखादी वही किंवा लॅपटॉप अर्धा बाहेर ठेवून दाखव. फोटोवर अक्षरं मात्र छापू नकोस. छोट्या स्क्रीनवर ती वाचता येत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती सहसा सापडतच नाहीत. फोटोचं वर्णन लिहायची वेगळी जागा असते, ती भर.

तुझे फोटो फोनमधून निघाले तसेच चढवलेले दिसतात, म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचे. मोबाइलचा पडदा मांडणीच्या हिशोबाने साधारण ४०० पिक्सेल रुंद असतो. त्याच रुंदीत प्रत्यक्षात तिप्पट ठिपके बसवलेले धरले तरी १२०० झाले. तेवढी रुंदी पुरे. नेहमीच्या जेपीईजीऐवजी वेबपी या फोटो-फाइलच्या प्रकारात जतन केलंस तर फाइल आणखी हलकी होईल. गूगलने हा प्रकार २०१० मध्ये आणला आणि आता सगळे मुख्य ब्राउझर तो उघडतात. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं मोजमाप सांगतं. पण वेगाइतकीच दुसरी गोष्ट मला खुपली: फोटो उशिरा आला की खालचं सगळं घसरतं. मी बटणावर बोट टेकवणार, तोच बटण खाली गेलं आणि भलतीच लिंक उघडली. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये आधीच लिहिलेली असली की ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. लेझी लोडिंग, म्हणजे तिथवर सरकल्यावरच फोटो उतरवणं, खालच्या फोटोंना लाव, सगळ्यात वरच्या फोटोला नको.

सगळ्या बॅगांच्या पानावर एक गोष्ट लगेच दुरुस्त कर. किंमत वरच्या बॅगेपासून जितकी लांब आहे तितकीच खालच्या बॅगेपासूनही. ती नेमकी कुणाची, हे मला मोजून बघावं लागलं. जवळ असलेल्या गोष्टी डोळा एका गटात धरतो, हे माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच मांडून ठेवलं आहे. फोटो, नाव आणि किंमत यांच्यात ८ पिक्सेल ठेव, आणि एक बॅग संपून दुसरी सुरू होते तिथे ३२. चौकटी आणि रेघा काढून टाक, मोकळी जागाच ते काम करेल. अंतरं ८, १६, २४, ३२ एवढीच वापर. दर वेळी नवा आकडा शोधत बसायला लागणार नाही आणि पान आपोआप शिस्तीत बसेल.

रंगाचं विचारलं होतंस, तेही सांगते. बदामी पार्श्वभूमीवर फिकट करडी अक्षरं दिसायला नाजूक वाटतात, पण उन्हात उभं राहून वाचता येत नाहीत. वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा असतो. काळ्या-पांढऱ्याचा २१:१ असतो. हे तपासणारी साधनं फुकट मिळतात. बदामी रंग राहू दे, अक्षरं गडद कर. मग एकच ठसठशीत रंग निवड आणि तो फक्त विकत घेण्याच्या बटणाला दे. आत्ता तोच लाल रंग सवलतीच्या पट्टीला, मेन्यूला आणि "नवीन" या चिकटवलेल्या बिल्ल्यांनाही आहे, त्यामुळे बटण गर्दीत हरवतं. शिल्लक माल हिरव्या ठिपक्याने आणि संपलेला लाल ठिपक्याने दाखवला आहेस. काही लोकांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. सरळ "संपली" असं लिही.

बटण अंगठ्याला सापडेल एवढं मोठं हवं. अॅपल किमान ४४ पॉइंट सांगतं, गूगल ४८ डीपी; दोन्ही पडद्यावरच्या मापाची एककं. बटणावर "अधिक जाणा" नको, "कार्टमध्ये टाका" हवं.

अक्षरांबद्दल थोडंच. फॉन्ट दोनच, मजकूर १६ पिक्सेलच्या खाली नको. फॉर्ममधल्या रकान्यांची अक्षरं १६ पेक्षा लहान असली तर आयफोनवर सफारी ब्राउझर टिचकी मारताच पान मोठं करून टाकतो, आणि पत्ता भरताना माणूस वैतागतो. देवनागरीत ओळींमधलं अंतर थोडं सैल ठेव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. आणि शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवून दिलं आहेस ते काढ. रोमन अक्षरांना ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते.

फिरता बॅनर काढ. माझं हे मत ठाम आहे: दुसरं चित्र येईपर्यंत माणूस खाली गेलेला असतो. एक चांगला फोटो आणि काय विकतोस ते सांगणारं एक वाक्य पुरे. बॅगा निवडून दाखवणारे फिल्टरही काढ, एवढ्या मोजक्या बॅगांना त्यांची गरज नाही. खातं उघडल्याशिवाय खरेदी करता आली पाहिजे, आणि डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पायरीच्या आधीच दिसला पाहिजे.

बटणाचे दोन रंग अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवून बघायचा विचार तू लिहिला आहेस. दिवसाला मोजकीच माणसं येतात तोवर त्यातून काही कळणार नाही. निकाल योगायोगाने हलत राहील. त्यापेक्षा ज्याने दुकान कधी बघितलेलं नाही अशा कुणाच्या हातात फोन दे, "यातली एक बॅग घे" एवढंच सांग आणि गप्प बस. कुठे थांबतो, कुठे मागे जातो, ते लिहून काढ. मध्ये बोलायची फार इच्छा होईल, बोलू नकोस. पाच माणसांतच बहुतेक अडचणी उघड्या पडतात, असं वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नीलसन यांनी २००० मध्ये मांडलं होतं, आणि छोट्या दुकानाला तेवढी माणसं मिळवणं अवघड नाही.

या आठवड्यात फक्त त्या खांद्यावरच्या बॅगेचं पान घे. झालं की मोबाइलवर पान उघडताच जे दिसतं त्याचा स्क्रीनशॉट पाठव, न सरकवता. बाकीच्या बॅगा त्याच साच्यात बसवता येतील, होम पेज त्यानंतर बघू. आणि पट्ट्याची लांबी लिही, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्ही. मी पूर्ण पान शोधलं, ती कुठेच सापडली नाही.

तुझी,
ताई