वस्तू जाणार कुठे, हे आधी ठरवा

घट बसण्यापूर्वी घर धुऊन-पुसून काढण्याची आपल्याकडची रीत असल्यामुळे भाद्रपद सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या खेपेची बहुतेक पत्रे घरातील नको असलेल्या सामानाविषयी असून त्यांतील चार येथे निवडली आहेत. काय काढायचे हे पत्रलेखकांना बऱ्यापैकी ठाऊक आहे. काढलेली वस्तू कोणाकडे, कोणत्या मार्गाने आणि कोण घेऊन जाणार हे मात्र एकाही पत्रात ठरलेले दिसत नाही, आणि त्यामुळेच माळ्यावरून उतरवलेले सामान आठवडाभर ओसरीवर राहून पुन्हा माळ्यावर चढते.

प्रश्न : आम्ही चौघे गावातील माळवदाचे घर सोडून परभणीत दोन खोल्यांच्या सदनिकेत राहायला जाणार आहोत. सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी दोन मोठ्या पेट्या भरून आहेत. घागरी, हंडे, गंगाळ, बंब, पराती, कांशाच्या थाळ्या, सगळेच आहे. त्याशिवाय दोनशे लिटरची सात पिंपे आहेत. नव्या जागी नळाला पाच दिवसांआड पाणी येते आणि आमच्या वाट्याची गच्चीवरची टाकी पाचशे लिटरची आहे. भांडी मोडीत घालण्याचा विषय काढला की सासूबाई त्या दिवशी जेवत नाहीत. काय करावे?
— एक गृहिणी, परभणी

उत्तर : पिंपांचा प्रश्न निव्वळ हिशेबाचा असल्यामुळे तो आधी सोडवू. घर आटोपशीर करण्याविषयी जे सल्ले सर्रास दिले जातात, ते बहुधा नळाला रोज पाणी असलेल्या घरांसाठी असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या मुलखातील गृहिणीला ‘वर्षभर न वापरलेली वस्तू काढून टाका’ असे सांगणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. जलजीवन मिशनने ग्रामीण घरांसाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या मापाने चौघांना पाच दिवसांसाठी ११०० लिटर पाणी लागेल. टाकीतील ५०० लिटर वजा जाता ६०० लिटर, म्हणजे तीन पिंपे उरतात. उन्हाळ्यात नळाचा दिवस पुढे ढकलला जातो, म्हणून एक पिंप जास्तीचे ठेवावे आणि उरलेली तीन पिंपे गावातच द्यावीत, कारण शेतावर त्यांना हमखास गिऱ्हाईक असते. भरलेल्या पिंपाचे वजन दोनशे किलोंच्या वर जाते हे लक्षात घेऊन चारही पिंपे गॅलरीच्या बाहेर आलेल्या भागावर एका रांगेत उभी करू नयेत. ती भिंतीलगत आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत.

पिंपांविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, पिंपाच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवते, आणि पिंप कोरडे पडले तरी ही अंडी काही महिने तग धरून पुन्हा पाणी भरताच फुटतात. त्यामुळे पिंप नुसते रिकामे करून उपडे घालणे पुरेसे नसते. आठवड्यातून एकदा ते आतून काथ्याने खरवडून घासावे आणि भरल्यावर तोंडाला घट्ट फडके बांधावे. कूलरच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे.

आता भांड्यांकडे वळू. आपल्याला न विचारताच ही भांडी जातील, अशी धास्ती सासूबाईंनी घेतलेली असावी. तेव्हा एखाद्या दुपारी त्यांनाच पेटीशेजारी बसवावे आणि एकेक भांडे चिंचेने घासून त्याच्या काठाखाली काय लिहिले आहे ते वाचावे. जुन्या भांड्यांवर कासाराने ठोक्याठोक्याने नावे घातलेली असतात. कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कोणत्या तारखेला हे भांडे आले, हे त्या टिंबाटिंबांच्या अक्षरांत सापडते, आणि ती अक्षरे वाचली जात असताना कोणते भांडे कोणाकडे जावे हे सासूबाई बहुधा स्वतःच बोलू लागतील. माहेरचे नाव असलेले भांडे मोडीत घालण्याची गोष्टच काढू नये. ते नातीच्या नावे राखून ठेवता येईल. मोठ्या पराती आणि पातेली गावच्या देवळाला द्यावीत, कारण हरिनाम सप्ताहाच्या पंगतींना अशी भांडी कधीच पुरत नाहीत आणि आपले भांडे तेथे वापरात आहे हे सासूबाईंना दरवर्षी पाहायला मिळेल. राहता राहिली चिरलेली, बूड गळणारी आणि नाव नसलेली भांडी. ती मात्र मोडीत घालावीत.

मोडीत घालण्यापूर्वी कांसे आणि पितळ निराळे करावे. पितळ तांबे आणि जस्ताचे असते, तर कांसे तांबे आणि कथिलाचे. कथील महाग असल्यामुळे कांशाला भाव अधिक मिळतो आणि ते पितळेच्या ढिगात गेले तर तोटा विकणाऱ्याचा होतो. थाळी तीन बोटांवर तोलून लाकडी लाटण्याने हलकेच वाजवावी. कांशाचा नाद घुमत राहतो, पितळेचा लवकर विरतो. वजन घरीच करून कागदावर लिहून ठेवावे आणि एका दुकानात भाव विचारून तेथेच माल टाकण्याऐवजी दुसऱ्या दुकानातही चौकशी करावी.

महालक्ष्म्यांचे मुखवटे, कोठ्या आणि आडण्या वर्षातून तीनच दिवस लागतात म्हणून त्यांना अडगळीत धरू नये. एका पेटीवर खूण करून सर्व सामान एकत्र ठेवावे. मात्र अशी जड पेटी निजण्याच्या खोलीतील माळ्यावर, डोक्याच्या वर ठेवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदांचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. तो ज्यांनी पाहिला, त्या पिढीला याचे कारण सांगण्याची गरज पडत नाही.

प्रश्न : आजोबांची लोखंडी ट्रंक कागदांनी भरलेली आहे. बरेच कागद मोडी लिपीत आणि उर्दूत असल्याने घरात कोणालाही वाचता येत नाहीत. सर्व कागदांचे मोबाइलवर फोटो काढून मूळ कागद रद्दीत द्यावेत, असे मुलगा म्हणतो. त्याचे म्हणणे योग्य आहे काय?
— एक निवृत्त शिक्षक, धाराशिव जिल्हा

उत्तर : मुळीच नाही. घरातील इतर कोणत्याही वस्तूच्या बाबतीत चूक झाली तर ती बाजारातून पुन्हा आणता येते. या ट्रंकेतील कागदाला मात्र दुसरी प्रत नसण्याचाच संभव अधिक.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानचा कारभार उर्दूत चालत असल्यामुळे जमिनीच्या, वसुलीच्या आणि शाळेच्या नोंदी उर्दूत, तर घरगुती हिशेब आणि देण्याघेण्याचे दस्त पुष्कळदा मोडीत सापडतात. कुणबी असल्याच्या जुन्या नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती २०२३ साली नेमली गेली, त्यानंतर अशा कागदांसाठी गावोगावी माणसे ट्रंका उघडून बसली. आरक्षणाच्या वादात आपली बाजू कोणतीही असो, कागदाचे मोल त्यामुळे बदलत नाही. जात पडताळणीसाठी ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा पाहिला जातो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचा एक शब्द पणतीच्या प्रवेशाच्या वेळी कामाला येतो तो असा. भावकीतील जमिनीच्या वादांत खासरा पत्रकाचा, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदपत्रकाचा, किंवा जुन्या खरेदीखताचा उतारा किती वेळा मागितला जातो, हे आपल्यासारख्या गावच्या माणसाला ठाऊक असेलच.

फोटो अवश्य काढावेत, परंतु ते मूळ कागदाच्या जागी नव्हे, तर मूळ कागद वारंवार हाताळावा लागू नये म्हणून. शिक्का, मुद्रांक किंवा अंगठ्याचा ठसा असलेला प्रत्येक कागद न वाचताच ‘ठेवणे’ या गठ्ठ्यात जावा. मोडी जाणणारी माणसे आता विरळ झाली असली तरी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात आणि त्यांतून तयार झालेले वाचक मिळू शकतात. उर्दूसाठी तर जवळच्या उर्दू शाळेतील एखाद्या जुन्या गुरुजींना गाठले तरी बरेचसे काम होईल. कागदाला प्लास्टिकचे आवरण चढवणे आणि फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात, कारण पट्टीचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडून अक्षरेच खातो. धुतलेल्या सुती कापडाच्या बासनात गठ्ठे बांधावेत आणि वाळवी लागू नये म्हणून ट्रंक जमिनीवर न टेकवता तिवईवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी.

रद्दीत घालायचेच असेल तर बंद पडलेल्या उपकरणांची हमीपत्रे, जुनी पंचांगे, लग्नपत्रिका आणि भरून झालेली जुनी वीजबिले घालावीत. खाते क्रमांक किंवा सही असलेली पाने तेवढी फाडून निराळी करावीत.

प्रश्न : दोन मुलींची लग्ने झाल्यापासून कपाटे आहेराने भरली आहेत. साड्या, ब्लाउज पीस, टॉवेल-टोप्या असे बरेच आहे. दारावर येणारी भांडेवाली ढीगभर साड्या घेऊन एक पातेले टेकवते. आईच्या दोन जुन्या पैठण्याही जागोजाग विरल्या आहेत आणि त्यांची जरीची तार घेणारा माणूस दोनदा येऊन गेला आहे.
— एक भगिनी, जालना

उत्तर : आहेर फिरता असतो हे आपण सर्वच जाणतो आणि त्याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. फक्त कोणाकडून आले ते चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवावे, म्हणजे ज्यांच्याकडून साडी आली त्यांनाच ती पुन्हा जाण्याचा प्रसंग येणार नाही. जे कापड पुढच्या लगीनसराईतही फिरणार नाही असे दिसते, ते कपाटात ठेवून त्याच्या घडीवर पिवळी रेघ उमटेपर्यंत थांबू नये. सुती साड्या, मऊ पडलेली धोतरे आणि ब्लाउज पीस वाकळ शिवण्यासाठी द्यावेत. वाकळा शिवून देणाऱ्या बाया आजही गावोगावी आहेत आणि एका वाकळेत चार-पाच साड्या सहज जिरतात. सिंथेटिक साड्यांची वाकळ मात्र घसरते आणि उबही धरत नाही. त्यांच्यासाठी भांडेवालीच बरी. तिच्या सौद्यातही फार हिशेब पाहू नये, कारण तो ढीग डोक्यावर घेऊन ती बाजारापर्यंत चालत जाते, हा तिच्या मोबदल्यातला भाग आपण धरत नाही. कोणाला घालायला द्यायचे कपडे तेवढे धुऊन, बटणे लावून द्यावेत.

पैठण्यांच्या बाबतीत मात्र दारावर सौदा करू नये. जुन्या पैठणीची जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली असू शकते. घेणारा ती साडी जाळून चांदी काढतो आणि भाव मात्र अंदाजाने सांगतो. आधी पदराच्या कडेचा सुटलेला धागा सराफाकडून पारखून घ्यावा. जरीची तार खरी निघाली तरी माझे मत असे की, विरलेले अंग कापून काठ आणि पदर नव्या रेशमी कापडावर शिवून घ्यावेत. दोन पैठण्यांतून दोन्ही मुलींना आजीचा एकेक पदर मिळेल आणि कपाटातली जागाही मोकळी होईल. ठेवताना त्या मलमलीत गुंडाळाव्यात आणि वर्षातून दोनदा घडी मोडावी, नाहीतर रेशीम घडीवरच फाटते.

प्रश्न : कपाशीवर फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, बंद ट्यूबलाइट, जुना डबा टीव्ही, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी आणि मुदत संपलेल्या गोळ्या असा सगळा माल मागच्या पडवीत साचला आहे. भंगारवाल्याला एकदमच देऊ का?
— एक शेतकरी वाचक, बीड जिल्हा

उत्तर : एकदम देऊ नये. यांतील प्रत्येक वस्तूची वाट निराळी आहे.

फवारणीच्या औषधाचा डबा कितीही वेळा धुतला तरी त्यात पाणी, तेल, डाळ किंवा पेंड भरू नये. प्लास्टिकमध्ये मुरलेले औषध धुतल्याने जात नाही. डबा रिकामा होताच तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोक पाडावे, म्हणजे तो कोणी उचलून घरात वापरणार नाही. विक्रेता परत घेत असेल तर त्याच्याकडे द्यावा, नाहीतर विहीर, ओढा आणि वस्ती यांपासून दूर खोल पुरावा. तो जाळू मात्र नये.

बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा केली की किमतीत सूट मिळते, तेव्हा ती भंगारात घालण्याचे कारणच नाही. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते आणि ट्यूबलाइटमध्ये पारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकलेली आहे, म्हणून नवा टीव्ही घेणार असाल तर जुना देण्याची अट सौद्यातच घालावी किंवा नगरपालिका ई-कचरा गोळा करते त्या दिवशी तो द्यावा. ट्यूबलाइट फुटू न देता पुठ्ठ्यात बांधून वेगळी द्यावी. गोळ्या पाकिटातून काढून, राखेत किंवा मातीत कालवून बंद पिशवीतून कचऱ्यात टाकाव्यात आणि रिकामी पाकिटे कापून टाकावीत, कारण अख्खे पाकीट पुन्हा कोणाच्या तरी हाती लागते.

या सगळ्यातून जे निखळ लोखंड उरेल, म्हणजे पत्रे, कोळप्याच्या पाती, मोडका कूलर, ते भंगारवाल्याला बिनघोर द्यावे. आपल्या भागातील पुष्कळसे लोखंडी भंगार अखेरीस जालन्याच्या भट्ट्यांत वितळून बांधकामाच्या सळ्या होऊनच बाहेर पडते. पडवीतील ढीग हलवताना मात्र हातात काठी आणि पायांत बूट असू द्यावेत. पत्र्यांच्या आणि विटांच्या फटींत विंचू असतात, आणि पावसाळ्यानंतर साप असण्याचीही शक्यता असते.