दर पंधरा दिवसांनी तोच फॉर्म भरणाऱ्या टेस्टरला

प्रश्न : मी 24 वर्षांची, बार्शीची. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करून दीड वर्षापासून पुण्यात मॅन्युअल टेस्टर आहे. आमचं वेब अ‍ॅप्लिकेशन पतसंस्थांसाठी आहे. दर पंधरा दिवसांनी रिलीज असतं आणि त्याआधी एक्सेलमधल्या 140 टेस्ट केसेस मी हाताने करते. त्या दिवशी रात्रीचे अकरा वाजतात. ठेवीच्या फॉर्ममध्ये वारसाचं नाव न भरता 'पुढे' दाबलं तर काय होतं, हे मी झोपेतही सांगेन. एक क्लास 48 हजारांत 'ऑटोमेशन टेस्टिंग' शिकवतो. बाबा म्हणतात, एआयमुळे हे काम राहणार नाही, बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

उत्तर :

वारसाच्या नावाचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तू ते कंटाळून लिहिलं आहेस, पण तुझं भांडवल तेच आहे. पतसंस्थेचा कारकून घाईत कुठे चुकतो, कुठली रक्कम कुठे फिरते, हे तुला ठाऊक आहे. टेस्ट आपोआप चालवणाऱ्या स्क्रिप्ट लिहायला तीन-चार महिन्यांत शिकता येतं. हे दीड वर्षाचं ज्ञान कुठल्या क्लासात मिळत नाही.

आधी क्लासचं सांगते. 48 हजार आत्ता भरू नकोस. बऱ्याच क्लासांत सेलेनियमच्या, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाच्या, आज्ञा पाठ करून घेतात, लॉगिनच्या पानावर एक स्क्रिप्ट चालवून दाखवतात आणि मुलाखतीचे प्रश्न देतात. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि कंटिन्युअस इंटिग्रेशन (ते पुढे सांगते) 'शेवटच्या आठवड्यात' म्हणून ठेवतात आणि तो आठवडा येतच नाही. खरी नोकरी तर तिथूनच सुरू होते.

का, ते माझ्याच अनुभवातून सांगते. समुपदेशनात येण्याआधी मी एका कंपनीच्या टेस्टिंग टीममध्ये होते. आम्ही सेलेनियमच्या तीनशेवर स्क्रिप्ट लिहिल्या होत्या. एका सहकाऱ्याच्या टेबलाखालच्या डेस्कटॉपवर त्या रात्री चालायच्या. सकाळी वीस-पंचवीस लाल, म्हणजे नापास, दिसायच्या आणि पुन्हा चालवल्या की त्यातल्या बहुतेक हिरव्या व्हायच्या. पान उघडायला कधी तीन सेकंद लागायचे, कधी सात, आणि आम्ही सगळीकडे 'पाच सेकंद थांब' असं लिहून ठेवलं होतं. हळूहळू लाल रंगाकडे बघणंच सगळ्यांनी सोडलं. एका सोमवारी ग्राहकाचा फोन आला : बिलात सवलत दोनदा वजा होते आहे. आमची एक स्क्रिप्ट गुरुवारपासून नेमकी त्याच ठिकाणी लाल होती. टेस्ट लिहिलेली होती, तिने चूक पकडलीही होती, पण तिच्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून तुला शिकायचं आहे ते एवढं : लाल झालं की टीमने हातातलं काम थांबवून बघावं, अशा टेस्ट लिहिणं. टूल कुठलंही असो.

कंटिन्युअस इंटिग्रेशनमध्ये डेव्हलपरने कोड पुश केला, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये पाठवला, की एक कोरं मशीन आपोआप उभं राहतं. अ‍ॅप्लिकेशन बांधलं जातं, ब्राउझर पडद्याविना उघडतो, टेस्ट चालतात आणि दहा-पंधरा मिनिटांत त्या बदलासमोर हिरवी किंवा लाल खूण येते. कोड आत्ताचाच असल्यामुळे चूक कुणाची आणि कुठे, हे लगेच सापडतं. तुझ्याकडे आज तीच चूक पंधरा दिवसांनी, रात्री दहा वाजता सापडते.

ही साधनं अशाच वैतागातून जन्मली आहेत. जेसन हगिन्स 2004 मध्ये शिकागोत थॉटवर्क्समध्ये होता. कर्मचाऱ्यांचे तास आणि खर्च नोंदवायचं घरचंच एक अ‍ॅप्लिकेशन होतं, ते पुन्हा पुन्हा हाताने तपासण्याऐवजी त्याने सेलेनियम लिहिलं. त्याच सुमारास सन कंपनीतल्या कोहसुके कावागुची याने, आपल्या कोडमुळे बिल्ड (अ‍ॅप्लिकेशनची बांधणी) मोडतोय का हे आधीच कळावं म्हणून हडसन हे कंटिन्युअस इंटिग्रेशनचं साधन बनवलं. 2011 मध्ये त्याचं नाव जेनकिन्स झालं. पुण्यातल्या कितीतरी टीम आजही त्यावर चालतात.

आता तुझ्या 140 केसेस. सगळ्या ब्राउझरमधून ऑटोमेट करायच्या नाहीत. नवे लोक इथेच फसतात. ब्राउझरची टेस्ट संथ असते आणि नाजूकही. ठेव उघडणं, कर्जाचा हप्ता भरणं, खातं बंद करणं अशा दहा-बारा मुख्य वाटा तेवढ्या ब्राउझरमधून तपास. व्याजाचे हिशेब आणि तारखांचे घोळ एपीआयवर, म्हणजे पडद्यामागच्या प्रोग्रॅमशी बोलायच्या वाटेवर, थेट तपासता येतात, तिथे शंभर केसेस मिनिटात होतात. आणि काही केसेस हातानेच करत राहा. छापलेली पावती नीट वाचता येते का, हे माणसानेच बघावं.

टेस्ट लहरी, म्हणजे विनाकारण कधी लाल कधी हिरव्या, होऊ नयेत म्हणून सेकंद मोजत थांबू नकोस, 'पावती क्रमांक दिसेपर्यंत थांब' असं लिही. सेलेनियममध्ये त्यासाठी एक्स्प्लिसिट वेट आहे. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये आणलेलं प्लेराइट हे तसंच साधन बटण दाबण्यापूर्वी ते दाबण्याजोगं होईपर्यंत स्वतःच थांबतं. आणि प्रत्येक टेस्टने आपला खातेदार आणि त्याचं खातं स्वतः तयार करावं, आधीच्या टेस्टच्या उष्ट्या डेटावर जगू नये. इतकं करूनही लहरीपणा पूर्ण जात नाही. आपल्या जवळपास 16 टक्के टेस्टमध्ये तो कमी-अधिक आहे, असं गूगलनेच 2016 मध्ये सांगितलं होतं. आटोक्यात ठेवणं आपल्या हातात असतं.

सरावाला सॉस डेमो नावाची नकली दुकानाची वेबसाइट घे. फुकट आहे. त्यात 'प्रॉब्लेम युजर' नावाने लॉगिन केलंस की सगळ्या वस्तूंना एकाच कुत्र्याचा फोटो दिसतो. वस्तूंची नावं आणि किमती तपासणारी टेस्ट त्या पानावर खुशाल हिरवी होते. हे स्वतः करून बघ. टेस्टने काय पाहिलं नाही, हे ओळखायची सवय तिथे लागते.

बाबांची एआयची काळजी खरी आहे, तिला नुसतं 'काही होत नाही' म्हणून उडवू नकोस. एआय स्क्रिप्ट भराभर लिहितं आणि नुसत्या स्क्रिप्ट टंकणाऱ्याचं काम त्यामुळे कमी होणारच. पण हा हिशेब बाबांना दाखव. एक लाखाची ठेव, 8 टक्के दर, मुदत एक वर्ष, व्याज तिमाही चक्रवाढ. मुदतीअखेर 1,08,243 रुपये 22 पैसे यायला हवेत. डेव्हलपरने चुकून सरळ व्याज लावलं तर पडद्यावर 1,08,000 दिसतील. त्या पडद्यावरूनच एआयला टेस्ट लिहायला सांगितलीस, तर ते '1,08,000 आले पाहिजेत' अशी टेस्ट लिहून देईल आणि ती रोज हिरवी होईल. बरोबर आकडा संस्थेच्या नियमावरून कागदावर काढणारं माणूस लागतं. ते माणूस तू आहेस. एआयकडून स्क्रिप्ट जरूर लिहून घे, अपेक्षित उत्तर मात्र स्वतः ठरव.

बँकेच्या परीक्षा तुला बँकेत काम करावंसं वाटत असेल तर दे. टेस्टिंगच्या भीतीने देऊ नकोस. त्या तयारीची दोन वर्षं म्हणजे या कामातली दोन वर्षं.

रोज दीड तास काढता आला तर पहिला महिना पायथन आणि गिट कर. दुसऱ्या महिन्यात प्लेराइटमध्ये सॉस डेमोच्या बारा टेस्ट. तिसऱ्या महिन्यात त्या गिटहब अ‍ॅक्शन्सवर (गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटची कंटिन्युअस इंटिग्रेशनची सोय) चढव, सार्वजनिक रिपॉझिटरीला, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्याला, ते फुकट आहे. टेस्ट पडली की स्क्रीनशॉट आपोआप जपून राहील अशी सोय कर. कंपनीचा कोड, पत्ता, पासवर्ड यांतलं काहीही तिथे टाकू नकोस, ही चूक नोकरीवर बेतते. चौथ्या महिन्यात तुमच्या लीडला विचार : 'ठेव उघडण्याची एकच वाट मी आपल्या पाइपलाइनमध्ये घालून दाखवू का?' पाइपलाइन म्हणजे कोड पुश झाला की आपोआप चालणाऱ्या पायऱ्या. एकच माग. 140 केसेसचा प्रस्ताव घेऊन गेलीस तर बैठका होतील, काम होणार नाही. मुलाखतीतही प्रमाणपत्रापेक्षा ती रिपॉझिटरी उघडून दाखव. एखादी लाल झालेली टेस्ट तू कशी शोधून सुधारलीस, हे तिच्या इतिहासात दिसतं आणि जाणकार माणूस तेच बघतो.

हे सगळं करूनही पायथनमध्ये अडलीस, तर फक्त पायथनचा एखादा छोटा, स्वस्त वर्ग लाव.

आणि गिटहब अ‍ॅक्शन्सची वायएएमएल फाइल, म्हणजे या पायऱ्यांची यादी, लिहिताना टॅब वापरू नकोस, स्पेसच दे. एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी पाइपलाइन सुरूच होत नाही. पहिली संध्याकाळ बहुतेकांची त्यातच जाते, तेव्हा धीर सोडू नकोस.