पुन्हा करायला सांगू नकोस

अरे,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. लेकीनं बाहुली बाजूला सारून तुझी चप्पल मांडीवर घेतली, थोपटलं आणि 'थांब, आत्ता काम आहे' असं तुझ्याच सुरात तिला दटावलं, हे वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. पुढचं वाचलं आणि हसू मावळलं. तू मोबाइल काढलास आणि म्हणालास, 'परत कर ना, आजीला दाखवू.' तिनं चप्पल खाली ठेवली आणि मोबाइलकडे बघत बसली. आता मला विचारतोस, ती हट्टी होत चालली आहे का?

हट्टी कसली? चप्पल झोपवणं हे तिचं काम होतं. तू मध्येच त्याचा कार्यक्रम केलास.

पुन्हा करायला सांगू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र. बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल. (पण वाच.)

तिच्या वयात काय घडत असतं ते बघ. मुलाच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर ठेवायचं, असा एक जुना प्रयोग आहे. ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम या संशोधक बाईंनी तो १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षाचं मूल आरशातल्या बाळाशी खेळायला जातं. दीड-दोन वर्षांची बरीचशी मुलं मात्र थेट स्वतःच्या नाकाला हात लावतात. तो मीच, हे त्यांना उमगलेलं असतं. पुढे १९८९ मध्ये मायकल लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की आरशात स्वतःला ओळखणारी मुलंच जास्त करून ओशाळतात. आणि त्यांना ओशाळं करायला काय केलं होतं, माहीत आहे? भरमसाट कौतुक, आणि 'नाच बघू' असा आग्रह! घराघरांत दिवसभर जे चालतं, तेच.

म्हणजे आपण दुसऱ्याला दिसतो, हे तुझ्या लेकीला आत्ता कुठे कळतंय. नेमक्या याच वेळी तू तिला सांगतो आहेस, की दिसण्यासाठीच कर.

'मग आनंद घ्यायचाच नाही का?' असं तू म्हणशीलच. घे की! तिच्यासमोर पोट धरून हस. तिनं आपण होऊन तेच पन्नास वेळा केलं, तर पन्नास वेळा बघ. कंटाळा येईल, तरी बघ. पण एक्कावन्नाव्या वेळी तू मागू नकोस. ती दाखवते आणि तू मागतोस, यातला फरक तुला कळत नसेल तर तिला विचार, तिला चांगला कळतो.

माझा मुलगा नव्या माणसांत लगेच मिसळायचा नाही. दारापाशी थांबायचा, सगळ्यांचे चेहरे न्याहाळायचा, मग भिंतीच्या कडेकडेनं आत यायचा. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधली मुलं वर्षानुवर्षं अभ्यासली. हळूहळू रुळणारी मुलं हा त्यांनी नोंदलेला एक स्वभावच आहे, दोष नव्हे. मला तेव्हा हे नाव ठाऊक नव्हतं. तरी पाहुण्यांसमोर मी त्याला कधी कविता म्हणायला लावली नाही. लोकांनी तोंडावर मला शिष्ट म्हटलं. आज तो चारचौघांत बोलायला उठत नाही, त्याचं खापरही माझ्यावरच फुटतं. फुटू दे. घरात एकटा असला की तो दार सताड उघडं ठेवून गातो. शिकवून हे झालं असतं का, सांग. मी स्वतःची बाजू मांडते आहे असं तुला वाटेल. थोडं तसंही आहे.

हळहळ एकाच गोष्टीची आहे. त्याचा तेव्हाचा आवाज माझ्याकडे कशातच नाही. म्हणून मोबाइल फेकून दे असं म्हणणार नाही. ती आपल्या नादात असताना लांबून टिपलंस तर टीप. पण लगेच तिच्यापुढे धरून 'बघ, कशी करतेस!' म्हणू नकोस. त्याहून बरं म्हणजे एक वही घाल. आज कोणता शब्द उलटा म्हणाली, कोणाला रागावली, कशाला घाबरली, तारखेसकट लिही. तिला यातलं काही आठवणार नाही. बहुतेकांच्या आठवणी तीन-साडेतीन वर्षांच्या मागे जातच नाहीत. आणि तुला सगळं आठवेल असं तुला आत्ता वाटतंय, ते साफ खोटं आहे.

लिहायला वेळ नाही, हे मला सांगू नकोस. त्या चपलेच्या व्हिडिओसाठी तू पाऊण तास तिच्या मागे लागला होतास, हे तूच लिहिलं आहेस.

राहता राहिल्या तुझ्या आई. 'नात काहीच करून दाखवत नाही' म्हणून त्या हिरमुसतात, हे खरं आहे आणि त्यांचं चूकही नाही. त्यांना फोन कर आणि चपलेची गोष्ट तूच सांग, दटावण्याच्या सुरासकट. तुला नक्कल बरी जमते, मला माहीत आहे. तरीही रागावल्या तर बेलाशक माझं नाव सांग. वाईटपणा घ्यायची मला सवय आहे.