उत्तर : संस्थेकडं चित्रं ठेवायला द्यावीत का?

तुमची पोस्ट दुपारच्या सुट्टीत वाचली आणि हातातला चहा गार झाला. तुम्ही विट्याचे, जलरंगात काम करता. जिल्ह्यातल्या एका कलासंस्थेचे सचिव तुम्हाला म्हणाले, "नऊ चित्रं प्रदर्शनाला आणून द्या, त्यातली दोन-तीन कायमच्या संग्रहात घेऊ, कागदाचं नंतर बघू." नऊच्या जागी अकरा घाला, हेच वाक्य मी २०१९ च्या जूनमध्ये ऐकलंय. संस्थेचं नाव तुम्ही लिहिलं नाही ते बरं केलंत. मीही माझ्या संस्थेचं लिहिणार नाही.

सभासद व्हावं का, हा तुमचा पहिला प्रश्न. व्हा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. मी एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून शाळेत लागले, तेव्हा चित्रकला म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी एवढंच माझं जग होतं. संस्थेच्या रविवारच्या निसर्गचित्रणामुळं मेणवलीचा घाट बघितला, हरिपूरचा संगम उन्हात बसून रंगवला. एका ज्येष्ठ सरांनी मागं उभं राहून "हा हिरवा ट्यूबमधला आहे, झाडातला नाही" एवढंच म्हटलं, ते अजून कामी येतं. राज्य कला प्रदर्शनाचा अर्ज पहिल्यांदा भरताना विद्यार्थी विभाग आणि कलाकार विभाग यांतला फरक मला तिथंच कळला. कोल्हापूरला शाहू स्मारकच्या कलादालनात आम्ही सहा जणांनी मिळून प्रदर्शन केलं. भाडं सहा जणांत, टेंपो एकच. एकटीनं मला ते कधीच झेपलं नसतं. सत्कार, शाल, श्रीफळ यांवर जेवढा खर्च होतो त्याच्या निम्म्यात भिंतीवर बरे दिवे लागतील, हे माझं जुनं रडगाणं आहे. ते इथं नको.

आता मुद्द्याचं. अकरा चित्रं मी स्वतः रिक्षातून नेऊन दिली. पावती मागितली तर सचिव हसले. "मॅडम, तुम्ही आपल्याच आहात, पावती कसली मागता?" आणि मला लाज वाटली. चूक झाली ती इथं, सांगलीच्या ऑगस्टमधल्या पुराच्या आधी दीड महिना. जुलैत प्रदर्शन उरकलं. "चित्रं घेऊन जा" असा एकदा फोन आला होता, हेही सांगायला हवं. शाळेच्या गडबडीत मी "शनिवारी नेते" म्हणत तीन शनिवार घालवले. चित्रं पेठेतल्या तळमजल्याच्या खोलीत, जमिनीला टेकवून, भिंतीला लावून ठेवलेली. ऑगस्ट लागला, पाणी वाढायला लागलं, तेव्हा मी फोन केला. उत्तर आलं, "२००५ च्या पुरातही या खोलीत पाणी आलं नव्हतं." सांगलीत तेव्हा निम्मं गाव याच हिशेबावर बसलं होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या खुणा त्याच्या खाली राहिल्या.

पाणी उतरल्यावर खोली उघडली. गाळाचा वास सगळ्यांना माहीत आहे, तो सांगत नाही. माउंट, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती लावतात ते पुठ्ठे, भाकरीसारखे फुगून पदर सुटलेले. मी घाईघाईनं एका फ्रेमची काच उचलली आणि हरिपूरच्या घाटाच्या पायऱ्या काचेला चिकटून वर आल्या. कागदावर नुसतं आभाळ राहिलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर ओली काच ओढू नका. फ्रेम आडवी ठेवून, मागची पाठ सोडवून, सावलीत वाळू द्या आणि जाणत्या माणसाला दाखवा. सुट्या ओल्या कागदाखाली टीपकागद घाला, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. आणि फ्रेम करताना माउंटचे पैसे वाचवू नका. कागद आणि काच यांत फट राहते ती माउंटमुळंच. असो.

खरा मार पुढं बसला. पंचनाम्यासाठी संस्थेनं जी यादी दिली तीत खुर्च्या होत्या, कपाटं होती, ईझल होते, स्पीकर होते. चित्रं नव्हती. मी विचारलं तर तेच सचिव, तोच शांत आवाज, "चित्रं आमच्याकडं होती असं कुठं लिहिलंय?" ज्या सरकारी टेबलावर मी अर्ज घेऊन गेले तिथं विचारलं, तुमच्या घरात पाणी आलं होतं का? नाही. दुकान आहे का? नाही. मग तुमचं नुकसान कसं? तीन हेलपाटे मारले, तिसऱ्या वेळी अर्जही घेतला नाही. पुरावा म्हणून माझ्याकडं उद्घाटनाचा एक फोटो होता. त्यात माझं एक चित्र दिसतं, पण निम्मं पाहुण्यांच्या फेट्यामागं. नात्यातल्या एका वकिलांनी सांगितलं की दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्यानं ती आपली असल्यासारखी जपायची, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. पण वस्तू दिली होती हे आधी दाखवावं लागतं. (मी वकील नाही. तुमचा मामला मोठ्या किमतीचा असेल तर नीट सल्ला घ्या.)

म्हणून चित्र हातातून सोडायच्या आधी एक कागद करा. शाळेच्या वहीचं पान चालेल. चित्राचं नाव, माध्यम, माप, किंमत, देताना कोपरा दुमडला आहे की काय ते, कुठं ठेवणार, परत कधी देणार, विकलं तर कमिशन किती. दोन प्रती, घेणाऱ्याची सही, शिक्का, तारीख. प्रत्येक चित्राचा पुढून-मागून फोटो. "विश्वास नाही का?" असं कुणी विचारलं तर सांगा, आहे म्हणूनच चित्र देतोय. हे मला तेव्हा सुचलं नाही.

"कायमचा संग्रह" या शब्दाला भुलू नका, असं माझं मत आहे, कुणाला ते कडू वाटेल. संग्रह कसा असतो ते बघायला एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा, तुमच्याकडून फार लांब नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये भवानी संग्रहालय उभारलं, स्वतः चित्रं काढणारा राजा. तिथं रविवर्म्याच्या चित्रांसमोर उभं राहा, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प बघा. वस्तू आली की नोंदवहीत क्रमांक पडला पाहिजे, तेव्हा तो संग्रह. तुमच्या सचिवांना नोंदवही दाखवायला सांगा. वहीच नसेल तर तो संग्रह नव्हे, अडगळीची खोली.

शिवाय चित्र दिलं, अगदी विकलं, तरी त्याचा कॉपीराइट सही करून लिहून दिल्याशिवाय जात नाही. दिवाळीला कॅलेंडर छापलं आणि त्यात तुमचं चित्र न विचारता आलं, तर बोला. आमच्यातल्या एकाचं आलं होतं, तेही उलटं छापून.

संस्था सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल तर सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात तिच्या शेड्यूल वनची, म्हणजे तिथल्या नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल मागता येते. विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते कळतं. बऱ्याचदा ज्यांच्याशी आपण बोलतो त्यांचं नाव त्यात नसतं.

मी अजून त्याच संस्थेची सभासद आहे, वर्गणी भरते. नवे सचिव पावती देतात, न मागता. तिचा नमुना मीच लिहून दिलाय, संध्याकाळी वहीच्या त्या पानाचा फोटो इथं टाकते. अक्षर लागलं नाही तर विचारा.